'ड्रिफ्ट' : एक शब्द, तीन अर्थ

गोदावरीला पूर आला, की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढले यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. त्या पुरात ओंडके, पाने, काटक्या वाहत जातात. आपणहून न हलता प्रवाह नेईल तिकडे जाणे, याला इंग्रजीत 'ड्रिफ्ट' म्हणतात. हा साधा शब्द विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखांनी उचलला आहे; मात्र प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे.

प्रथम भूविज्ञान पाहू. 1912 साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंड सरकतात, असा सिद्धांत मांडला. त्याने वापरलेल्या जर्मन शब्दाचा अर्थ 'सरकणे' असा आहे. इंग्रजीत मात्र 'ड्रिफ्ट' रूढ झाला. मराठीत याला खंडविप्लव म्हणतात. याचा पुरावा नाशिकच्या आसपासही आहे. पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची नोंदली जाते. हे क्षेत्र विषुववृत्तावर आडवे, तर ध्रुवांवर उभे असते. म्हणून नोंदलेल्या दिशेच्या कलावरून खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येते. क्लेग, डॉइश व ग्रिफिथ्स यांनी 1956 साली दख्खनच्या बेसाल्टविषयीचे असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा खडक विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थिजला होता! आज नाशिक 20 अंश उत्तरेला आहे. म्हणजे ही भूमी काही हजार किलोमीटर सरकली. आजही भारत वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर सरकत आहे. पण हे भरकटणे नव्हे. त्यामागे भूपट्टांना ओढणारी व ढकलणारी बले आहेत.

आता विजेकडे वळू. तांब्याच्या तारेतील मुक्त इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 1,600 किलोमीटर वेगाने सैरावैरा धावत असतात. तार बॅटरीला जोडली, की या धावपळीत एका दिशेची किंचित सरक मिसळते. तिलाच 'ड्रिफ्ट' म्हणतात. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून 1 अँपिअर प्रवाह जात असेल, तर हा वेग सेकंदाला अवघा 0.07 मिलिमीटर असतो; एक मीटर जायला जवळजवळ चार तास! मग दिवा लगेच कसा लागतो? विद्युत क्षेत्र तारेभर क्षणार्धात पसरते आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन एकदमच सरकू लागतात.

जीवशास्त्रात अर्थ नेमका उलटा होतो. एखादे गुणलक्षण निव्वळ योगायोगाने वाढणे किंवा नाहीसे होणे, म्हणजे जनुकीय 'ड्रिफ्ट'. हा प्रयोग वर्गात करता येईल. पिशवीत 5 तांबडे व 5 पांढरे मणी ठेवा. न पाहता एक काढा, रंग लिहा, मणी परत टाका. असे दहा वेळा करा. समजा 7 वेळा तांबडा व 3 वेळा पांढरा आला, तर पिशवीत 7 तांबडे व 3 पांढरे मणी ठेवा. ही झाली पुढची पिढी. पुनःपुन्हा असे केल्यास शेवटी एकच रंग उरतो, बहुधा दहा-वीस पिढ्यांत. कोणता, ते आधी सांगता येत नाही. शंभर मणी घेतल्यास साधारण दहापट वेळ लागेल. म्हणूनच एखाद्या प्राण्याची संख्या फार घटली, की त्याच्यातील विविधताही झपाट्याने लोपण्याचा धोका असतो.

सारांश, तारेत 'ड्रिफ्ट' म्हणजे गोंधळातील शिस्तीचा भाग. जनुकांत तो निव्वळ योगायोग. आणि खंडांच्या बाबतीत ठरावीक कारणांनी होणारा प्रवास. तेव्हा पुस्तकात हा शब्द आला, की तीन प्रश्न विचारा : काय सरकते? कशामुळे? आणि त्याला ठरलेली दिशा आहे का?