सापडले खरे, पण आले कुठून?

अ‍ॅथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९२८ साली उत्तेजकांवर बंदी घातली. खेळाच्या जगातली ही अशी पहिलीच बंदी. नियम कागदावर आला, पण तो कुणी मोडला हे ओळखायचे कसे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हा नियम खेळाडूंच्या सचोटीवर सोडून दिलेला होता. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये थॉमस हिक्सला मॅरेथॉन धावता धावता स्ट्रिक्निन आणि ब्रँडी दिली गेली होती आणि तो जिंकलाही होता. तेव्हा ते निषिद्ध नव्हते. १९२८ नंतर निषिद्ध झाले, एवढाच काय तो फरक.

प्रयोगशाळेची गरज पटायला मृत्यू व्हावे लागले. १९६० मध्ये रोमच्या उन्हात डेन्मार्कचा सायकलपटू क्नुड एनेमार्क येन्सन शर्यतीतच कोसळला. त्याच्या मृत्यूला अँफेटामाइन कितपत जबाबदार होते, यावर पुढे बराच वाद झाला. १३ जुलै १९६७ रोजी ‘टूर दी फ्रान्स’मध्ये माँ व्हांतूच्या चढावर ब्रिटनचा टॉम सिम्पसन गेला, तेव्हा मात्र शंकेला फारशी जागा उरली नाही. अँफेटामाइन त्याच्या शरीरातही सापडले आणि त्याच्या जर्सीच्या खिशातही. त्याच वर्षी ऑलिम्पिक समितीचा वैद्यकीय आयोग कामाला लागला. १९६८ मध्ये मेक्सिकोला स्वीडनचा हान्स-गुनार लिल्येनवाल ऑलिम्पिकच्या इतिहासातला पहिला दोषी ठरला. त्याच्या शरीरात सापडला होता मद्यार्क. नेमबाजीआधी हात थरथरू नयेत म्हणून आपण बिअर घेतली होती, असे त्याचे म्हणणे होते.

या तपासणीला खरे शास्त्र दिले ते मानफ्रेड डोनिके या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. तो स्वतः आधी सायकलपटू होता, त्यामुळे खेळाडू काय घेतात हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये त्याने दोन हजारांवर नमुने तपासले. पद्धत होती गॅस क्रोमॅटोग्राफीची. लघवीचा अर्क तापवून त्याची वाफ एका लांब नळीतून सोडायची. आषाढीला एकत्र निघालेल्या दिंड्या आपापल्या चालीने पंढरपुरात वेगवेगळ्या वेळी पोचाव्यात, तशी अर्कातली एकेक द्रव्ये नळीच्या दुसऱ्या टोकाशी वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर त्या रेणूचे तुकडे करतो आणि तुकड्यांची वजने नोंदवतो. कोणता रेणू कसा फुटतो हे ठरलेले असते, त्यामुळे तुकड्यांवरून मूळ द्रव्य ओळखता येते. ही जोडी आजही प्रयोगशाळेचा कणा आहे.

पण यंत्र जे मोजते तेच लोक घेतात, असे थोडेच आहे? साठीच्या दशकातच ताकदीच्या खेळांत अँफेटामाइनची जागा स्टेरॉइडनी घेतली होती. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या रेमंड ब्रुक्स यांच्या गटाने स्टेरॉइड पकडण्याची चाचणी बसवली आणि १९७६ मध्ये माँट्रियलला ती पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये वापरली गेली. २७५ नमुन्यांत ८ दोषी निघाले. त्यानंतर लबाडीने सरळ पलीकडची वाट धरली. कृत्रिम स्टेरॉइड पकडले जाते ना, मग शरीरात मुळातच असलेले टेस्टोस्टेरॉन घ्यायचे! सगळ्यांच्या शरीरात सापडणारी गोष्ट प्रयोगशाळा ‘सापडली’ म्हणून कशी जाहीर करणार?

१९८० चे मॉस्को ऑलिम्पिक अधिकृत नोंदीप्रमाणे अगदी स्वच्छ पार पडले, एकही दोषी नाही. डोनिकेने तिथले नमुने नंतर आपल्या पद्धतीने पुन्हा पाहिले, तेव्हा सुमारे पाचांतल्या एका नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण अस्वाभाविक निघाले. त्याची युक्ती साधी होती. शरीर टेस्टोस्टेरॉनसोबत एपिटेस्टोस्टेरॉन नावाचे त्याचे निरुपयोगी भावंडही तयार करते आणि बहुतेकांत दोन्ही जवळपास सारखी असतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले की ते एकटेच वाढते. हे गुणोत्तर सहाच्या वर गेले तर दोषी, असा नियम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. पुढे ही मर्यादा चारवर आणली गेली.

या नियमाला पूर्व जर्मनीने दिलेले उत्तर म्हणजे लबाडीच्या शास्त्राचा कळस. त्यांनी एपिटेस्टोस्टेरॉनही बनवले आणि दोन्ही टोचून गुणोत्तर जागेवर ठेवले. १९७७ मध्ये त्यांची गोळाफेकपटू इलोना स्लुपियानेक हेलसिंकीत पकडली गेली होती. त्यानंतर परदेशी जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूची चाचणी आधी घरीच, ड्रेस्डेनजवळच्या क्रायशा गावच्या प्रयोगशाळेत होऊ लागली. नमुना स्वच्छ आला तर विमानात बसायचे, नाहीतर ‘दुखापत’ होऊन मागे राहायचे. आणि क्रायशाची ही प्रयोगशाळा ऑलिम्पिक समितीची मान्यताप्राप्त प्रयोगशाळा होती! चोर पकडण्याचे यंत्र चोराला सावध करायलाही तितकेच उपयोगी पडते, हे तेव्हाच कळायला हवे होते.

२७ सप्टेंबर १९८८ रोजी सोलमध्ये बेन जॉन्सनचे १०० मीटरचे सुवर्ण काढून घेतले गेले आणि स्टॅनोझोलॉल हे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. सामान्य वाचकासाठी उत्तेजक चाचणीचा इतिहास तिथे सुरू होतो. प्रयोगशाळेच्या दृष्टीने मात्र ते जुनेच काम होते: ओळखीचे कृत्रिम द्रव्य, ओळखीची पद्धत. खरा पेच टेस्टोस्टेरॉनचाच होता, कारण गुणोत्तराचा नियम दोन्ही बाजूंनी फसवा निघाला. काहींचे गुणोत्तर जन्मतःच सहाच्या वर असते. उलट काहींमध्ये, विशेषतः पूर्व आशियातल्या अनेकांमध्ये, एका जनुकाच्या अभावामुळे टेस्टोस्टेरॉन लघवीत फारसे उतरतच नाही. अशा माणसाने इंजेक्शन घेतले तरी गुणोत्तर साळसूदपणे मर्यादेत राहते.

उत्तर मिळाले ते कार्बनच्या अणूत. औषधी टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनवतात आणि अशा वनस्पतींत कार्बनचा जड समस्थानिक थोडा कमी असतो. माणूस मात्र सरमिसळ खातो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये हे प्रमाण वेगळे पडते. रेणू तोच, पण त्याचे मूळ शेतात की शरीरात, हे समस्थानिकांच्या मोजणीवरून सांगता येऊ लागले. नव्वदच्या दशकात ही पद्धत ऑलिम्पिकपर्यंत पोचली. ‘काय आहे’ या प्रश्नाच्या पुढे जाऊन ‘कुणाचे आहे’ हे प्रयोगशाळेने विचारले, ते बहुधा इथे पहिल्यांदा.

याच दशकात प्रयोगशाळेची दुसरी बाजूही उघडी पडली. १९९४ मध्ये लिस्बनच्या प्रयोगशाळेने ब्रिटनची ८०० मीटर धावपटू डायन मोडाल हिला दोषी ठरवले. गुणोत्तर आले होते ४२. कोणत्याही स्त्रीच्या बाबतीत हा आकडा अविश्वसनीयच. तिच्यावर बंदी आली, पण अपिलात कळले की तिचा नमुना उन्हाळ्यात फ्रिजबाहेर पडून होता आणि त्यात जिवाणू वाढून टेस्टोस्टेरॉन वाढले असण्याची शक्यता होती. १९९५ मध्ये बंदी उठली, पण कारकिर्दीतला मोलाचा काळ हातचा गेला होता. यंत्राने आकडा बरोबर मोजला होता, बिघडला होता तो बाटलीतला नमुना.

सायकलिंगमध्ये तोवर एपोचे राज्य सुरू झाले होते. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी बनलेले हे संप्रेरक तांबड्या रक्तपेशी वाढवते आणि दम टिकवते. चाचणीच नसल्याने सायकल महासंघाने १९९७ मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांवर गेले तर शर्यत बंद, एवढाच तोडगा काढला. परिणाम असा की अनेकजण ४९ पर्यंत मोकळेपणाने जाऊ लागले. पॅरिसजवळच्या शातने-मालाब्री इथल्या फ्रान्स्वाज लान आणि जॅक द सोरिझ यांनी २००० मध्ये लघवीतले कृत्रिम एपो विद्युतभारावरून ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी सिडनीत ती वापरात आली. औषधी एपो प्राण्यांच्या पेशींत तयार होत असल्याने त्याच्यावरच्या शर्करासाखळ्या माणसाच्या एपोहून वेगळ्या निघतात, हे या पद्धतीचे मर्म. पण पट्टीवरच्या या रेघा वाचाव्या लागतात माणसाच्याच डोळ्यांनी. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा धावपटू पीटर बोल याचा पहिला नमुना दोषी जाहीर झाला, दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला नाही आणि अखेर चौकशीच मागे घ्यावी लागली.

१९९९ मध्ये ‘वाडा’ ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था उभी राहिली. २००३ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज पाठवली. लॉस एंजेलिसच्या डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने तिच्यातला थेंब तपासला, तेव्हा सापडला एक असा स्टेरॉइड जो कुठल्याच औषध कंपनीने कधी विकला नव्हता. त्याचे नाव पडले टीएचजी. नेहमीच्या चाचणीसाठी अर्क तापवला की हा रेणू तुटून जाई, म्हणून तो दिसतच नव्हता. कॅटलिन यांनी द्रवात चालणारी पद्धत लावून त्याला पकडले आणि त्यातून कॅलिफोर्नियातल्या ‘बाल्को’ या कंपनीचे प्रकरण बाहेर आले. याच प्रकरणातली धावपटू मॅरियन जोन्स मात्र प्रयोगशाळेच्या हाती लागली नाही. २००७ मध्ये तिने स्वतःच कबुली दिली. म्हणजे सिरिंज आली ती माणसाकडून आणि कबुली आली तीही माणसाकडून. यंत्राने मधला दुवा तेवढा जोडला.

हे ध्यानात घेऊनच पुढची दोन पावले पडली. एक, जैविक पारपत्र: द्रव्य शोधण्याऐवजी खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवायची आणि त्यात अनैसर्गिक उडी दिसली की जाब विचारायचा. २००८-०९ पासून हे सुरू झाले. दुसरे, नमुने जपून ठेवणे, आधी आठ आणि २०१५ पासून दहा वर्षे. बीजिंग आणि लंडन ऑलिम्पिकचे जपलेले नमुने नव्या पद्धतींनी उघडले, तेव्हा शंभराहून अधिक खेळाडू सापडले. त्यात जुन्याच ट्युरिनाबोल आणि स्टॅनोझोलॉलचा भरणा होता. शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे त्यांचे अंश आता ओळखता येऊ लागले होते. ट्युरिनाबोलच्या अशा अंशांचा शोध प्रसिद्ध केला होता मॉस्कोच्या प्रयोगशाळेने, ग्रिगोरी रॉदचेन्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्याने. हेच रॉदचेन्कोव्ह २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये प्रयोगशाळाप्रमुख होते आणि तिथे रात्री भिंतीतल्या भोकातून दोषी नमुने बाहेर जाऊन जुनी स्वच्छ लघवी आत येत होती. क्रायशाचा धडा तीन दशकांनी पुन्हा गिरवला गेला.

आता प्रश्न उरतो तो अतिसूक्ष्माचा. २०१० च्या ‘टूर दी फ्रान्स’मध्ये अल्बेर्तो कोंतादोरच्या लघवीत कोलोनच्या प्रयोगशाळेला मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम क्लेनब्युटेरॉल सापडले. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. मांसातून आले असेल, असे तो म्हणाला. क्रीडा लवादाने दूषित पूरक आहाराची शक्यता जास्त मानली, पण जेतेपद काढून घेतलेच. नियमच तसा आहे: शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. २०१९ मध्ये ‘वाडा’ने मात्र मांसातून येणाऱ्या क्लेनब्युटेरॉलसाठी ५ नॅनोग्रॅमची रेषा आखली, आणि त्याखालच्या प्रकरणात आधी चौकशी करायची असे ठरवले. कोंतादोरचा आकडा या रेषेच्या शंभराव्या हिश्शाएवढा होता.

आपल्याकडे हा प्रश्न २०१६ मध्ये येऊन थडकला. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर मेथँडिएनोनसाठी दोषी आढळला. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळले, असे तो सांगत होता. आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, ‘नाडा’ने, ते मानले आणि त्याला मोकळे केले. ‘वाडा’ने लवादाकडे दाद मागितली. तिथे तज्ज्ञ म्हणून कॅनडाच्या क्रिस्तियान आयोत यांनी साक्ष दिली की पहिल्या नमुन्यातले प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीचे नव्हे, एकदोन गोळ्या पोटात गेल्याचे दिसते. कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी आली. आकड्याने ‘किती’ हे सांगितले, त्यावरून ‘कसे’चा अंदाज बांधता आला. पण ‘कुणी’ हे त्या बाटलीत नव्हते आणि असूही शकत नव्हते. २०१९ मध्ये मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्यावर टर्ब्युटालीनसाठी आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधातून ते आल्याचे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने स्वीकारले, तरी बंदी चुकली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता ‘वाडा’ने स्थगित केली. ती पूर्ववत व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला आणि तोवर आपले नमुने परदेशी पाठवावे लागले.

आज ती प्रयोगशाळा जोमाने काम करते आहे. २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने घेतले गेले आणि त्यांतले २१३ दोषी निघाले. भरपूर चाचण्या करणाऱ्या देशांत एवढे वाईट प्रमाण दुसऱ्या कुणाचे नव्हते. यावर आणखी चाचण्या करा, आणखी महाग यंत्रे आणा, ही मागणी स्वाभाविक आहे. पण मागे वळून पाहिले तर यंत्राने दर वेळी एकच प्रश्न नेटका सोडवला आणि उरलेला माणसांपुढे ठेवला, असे दिसते. तालमीजवळच्या दुकानातली बिनलेबलाची पावडर, नोकरीसाठी पदक हवे म्हणून प्रशिक्षकाने हातात ठेवलेली गोळी, खेळाडू आहेस का हे न विचारता डॉक्टरने लिहून दिलेले सिरप, या तिन्हींचा अहवाल प्रयोगशाळेतून एकसारखाच येतो. त्यांतला फरक शोधायला तपास करणारी माणसे लागतात. आपल्याकडे दोषी ठरलेल्या खेळाडूचे नाव छापून येते, त्याच्या मागच्या पुरवठादाराचे क्वचितच. तो शोधला जात नाही तोवर २१३ हा आकडा पकडलेल्यांचा राहील, पुरवणाऱ्यांचा नाही.