उत्तर दिलं हाच गुन्हा!

अंक हातात पडला की तुम्ही आधी कोणतं पान उघडता? खरं सांगा हं! लोणच्याची कृती नंतर, स्वेटरचा नमुना त्याहून नंतर. आधी वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं पान! 'सासूबाईंशी पटत नाही', 'लग्नाला चार वर्षं झाली, पण...' अशी ती पत्रं. खाली नाव नसतं, नुसतंच 'एक दुःखी भगिनी'. आपण वाचतो, थोडं हसतो, आणि पुष्कळदा मनातल्या मनात म्हणतो, अगबाई, हे तर माझंच!

अशाच एका पानावर वाचकांना उत्तरं दिली म्हणून एका मराठी संपादकाला आरोपी म्हणून कोर्टात उभं राहावं लागलं होतं. ते संपादक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी अण्णा कर्व्यांचे थोरले चिरंजीव. वडिलांनी बायकांना शाळा-कॉलेजची वाट दाखवली. मुलगा त्यापुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला, आणि त्या दारावर तर 'बोलू नये' अशी पाटीच होती.

रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला तो ह्याच वर्षी. म्हणजे ह्या एका बाबतीत आपण साहेबाच्या मागे नव्हतो बरं का! पण प्राध्यापकानं असले उद्योग जाहीरपणे करावेत हे कॉलेजला मानवेना. १९२५ साली नोकरी गेली. दोन वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालवलं. पत्नी मालतीबाई ह्या सगळ्यात त्यांच्याबरोबर होत्या. आपल्याला मूल नको असं दोघांनी विचारपूर्वक ठरवलं होतं. एका बाईनं त्या काळी हा निर्णय घेऊन हळदीकुंकवाला जायचं म्हणजे काय काय ऐकावं लागलं असेल, ते तुम्हांला मी सांगायला नको.

मासिकात काय असे? शरीराची माहिती, गुप्तरोग, पाळणा लांबवण्याचे उपाय, धर्माच्या नावानं चालणाऱ्या गोष्टींवर कडक टीका. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्रही असायचं. मला स्वतःला ती चित्रं रुचत नाहीत. शरीराची लाज वाटू नये हा हेतू असेल, पण मग दरवेळी बाईच का, पुरुष का नाही, असं विचारावंसं वाटतं. ते असो. आत मात्र वाचकांची पत्रं असत, आणि त्यांना सरळ, शास्त्राला धरून उत्तरं असत.

१९३१ साली व्यभिचारावरच्या एका लेखाबद्दल कर्व्यांवर पहिला खटला झाला. शंभर रुपये दंड. वरच्या कोर्टातही दाद लागली नाही. १९३४ सालचा दुसरा खटला तर त्या प्रश्नोत्तरांवरच होता. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवर वाचकांनी विचारलं, संपादकानं उत्तर दिलं. झालं, अश्लीलता!

ह्या वेळी कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. इथं जरा थांबू या. महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षं झाली होती, पुणे करार होऊन दोन. देशभराचं काम अंगावर असलेला हा माणूस एका चिमुकल्या मासिकाची केस हाती घेतो! कर्वे जन्मानं चित्पावन ब्राह्मण. हा आपल्या जातीचा का, ह्याचं म्हणणं आपल्या लोकांच्या कामाचं का, असला हिशेब बाबासाहेबांनी मांडला नाही. हल्ली कुणी काही बोललं की आधी आडनाव विचारतात, मग तोंड उघडायची परवानगी द्यायची की नाही ते ठरवतात. 'तुम्ही आमच्यातल्या नाही, तुम्हांला काय कळणार' हे म्हणणं अगदीच खोटं नसतं. बाईचं दुखणं बाईला जास्त कळतं, आणि दलित स्त्रीचं दुखणं तिनंच सांगावं. पण जास्त कळणं वेगळं आणि दुसऱ्याचं तोंड बंद करणं वेगळं.

बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, वाचकानं प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नाही का? आणि प्रश्नामागे विकृती असेल, तर ती ज्ञानानं जाईल की गप्प बसवल्यानं? कोर्टाला ते पटलं नाही. कर्व्यांना पुन्हा दंड झाला. १९३८ साली बाबासाहेबांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात त्यांच्या वतीनं मांडला गेला, तोही पडला. आणि गंमत पाहा, स्वतंत्र भारताच्या सरकारनं १९५२ साली स्वतःच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला! पुढे लाल त्रिकोण तर गावोगावच्या भिंतींवर झळकला. ज्या विषयाबद्दल दंड भरला, तो सरकारी विषय झालेला पाहायला कर्वे जेमतेम वर्षभर होते.

आता तुम्ही म्हणाल, अश्लील म्हणजे नेमकं काय, हे ठरवायचं कसं? त्या काळी कोर्टांपुढे १८६८ सालची एक इंग्रजी कसोटी होती. असल्या मजकुरानं ज्यांचं मन बिघडू शकतं, त्यांच्या हाती तो पडला तर काय होईल, हे पाहायचं. आता असं कच्च्या मनाचं कोण? न्यायाधीश तर नव्हेत! ते वाचणार आणि धडधाकट घरी जाणार. बिघडणार त्या बायका, मुलं आणि नोकरमाणसं. तुम्हांला अतिशयोक्ती वाटेल, पण १९६० साली लंडनला 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ह्या कादंबरीवर खटला झाला, तेव्हा सरकारी वकिलांनी ज्यूरीला उघड विचारलं होतं की, आपल्या बायकोनं किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचलेलं तुम्हांला चालेल का? ज्यूरीत तीन बायकाच बसल्या होत्या! प्रकाशक सुटले. आपल्या मुंबईत हीच कादंबरी विकणारा पुस्तकविक्रेता मात्र दोषी ठरला, आणि १९६४ साली सुप्रीम कोर्टानं त्याची शिक्षा कायम केली. ती जुनी कसोटी आपल्या सुप्रीम कोर्टानं सोडली ती २०१४ साली.

म्हणजे बंदी आमच्या नावानं, आमच्या 'रक्षणा'साठी, आणि आम्हांला कुणी विचारलेलं नाही. घरातही तेच चालतं की! नवऱ्याच्या फोनवर काय काय येतं ते कुणी पाहत नाही, पण सुनेच्या उशाशी कोणती कादंबरी आहे ह्याची चौकशी होते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आपली संस्कृती' म्हणून लांबलचक मजकूर फिरतो, आणि त्या संस्कृतीचं सगळं ओझं अखेर कुणाच्या तरी मुलीच्या कपड्यांवर येऊन पडतं.

मग काय, कुणी काहीही लिहावं आणि आपण ऐकून घ्यावं? छे! २००३ साली शिवाजीमहाराजांवरच्या एका इंग्रजी पुस्तकातल्या मजकुरानं महाराष्ट्र संतापला, आणि संतापण्यासारखंच होतं ते. पण त्यातही दोन तऱ्हा दिसल्या. इतिहासाच्या अभ्यासकांनी प्रकाशकाला पत्र लिहून निषेध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रकाशकानं पुस्तक भारतातून मागेही घेतलं. आणि तरी ५ जानेवारी २००४ ला जमाव पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसला, कपाटं फोडली, जुन्या पोथ्या आणि ग्रंथ फेकले. संस्थेचा अपराध काय, तर लेखकानं प्रस्तावनेत तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले होते. ज्या पोथ्या आपला वारसा म्हणून जपायच्या, त्याच पायदळी!

एखादा लेख आवडला नाही तर संपादकांना खरमरीत पत्र लिहा. अंक बंद करा. मैत्रिणींना सांगा, घेऊ नका गं. कुणी नाव घेऊन खोटी बदनामी केली, मारायला उठवलं, तर त्याला कायदा आहे, तो वापरा. पण लेकीच्या हातातलं पुस्तक ओढून घेण्याआधी ते निदान एकदा स्वतः वाचा. आणि तिनं अवघड प्रश्न विचारला, तर 'मोठी झालीस की कळेल' म्हणू नका. तिला ते आज रात्री कुठल्यातरी फोनवर कळणार आहे, आणि फोनला कर्व्यांइतकी खरं सांगायची चाड नाही.

कर्व्यांचं निवडक लिखाण आता पुस्तकरूपानं पुन्हा छापलं गेलं आहे. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपटही २००१ साली त्यांच्यावर निघाला. तुमच्या गावच्या वाचनालयात र. धों. कर्व्यांची पुस्तकं मागून पाहा. ग्रंथपाल चष्म्यावरून बघतील, बघू द्या. नसतील तर मागणीच्या वहीत नाव लिहून या, आणि खाली सही करा. 'एक भगिनी' नको, स्वतःची.