पहिला छोटा पीसी घरी जोडताय? आधी मापं जुळवा

परभणीत बसून पार्ट मागवायचे, तर एक चुकीचा पार्ट परत पाठवण्यात आठवडा सहज जातो. म्हणून ऑर्डरआधी या गोष्टी तपासा.

🔹 मदरबोर्ड: छोट्या केससाठी मिनी-आयटीएक्स, १७० × १७० मिमी. रॅमचे स्लॉट बहुधा दोनच. त्यामुळे १६ जीबी हवी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. पुढे वाढवायची असेल तर दोन्ही बदलाव्या लागतील.

🔹 सॉकेट आणि रॅम: एएमडीच्या एएम४ ला डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका पट्टीची खाच दुसऱ्या स्लॉटमध्ये बसत नाही.

🔹 बायोस: बी६५० बोर्डवर रायझन ९००० मालिका चालते, पण जुना साठा असेल तर बायोस अपडेट लागतं. दुकानदाराला आधीच विचारा.

🔹 कूलर: इथेच जास्त लोक फसतात. केसमध्ये जागा ४७ मिमी आणि कूलर ५४ मिमी, तर झाकण लागणारच नाही.

🔹 पॉवर सप्लाय: एसएफएक्स (१२५ × १०० × ६३.५ मिमी) की एटीएक्स, हे केस ठरवते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून जाळीदार केस घ्या आणि गेमिंग नसेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड टाळा. मात्र प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स आहे ना, ते बघा. वीज जाते तिथे यूपीएस हवाच.

यादी कमेंटमध्ये टाका, मिळून तपासू. पैसे त्यानंतरच भरा!