सही येते, पण चिठ्ठी वाचता येते का?

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई येत असत. वहीत ठसठशीत सही करीत. होमिओपॅथीच्या साबूदाण्यासारख्या गोळ्या दिसायला सगळ्या सारख्याच. फरक फक्त चिठ्ठीत. दोन बाटल्यांवर मी 'सकाळी' आणि 'रात्री' असे लिहून दिले. पंधरा दिवसांनी कळले की औषधे उलटसुलट घेतली जात होती. बाईंना अक्षरे येत होती ती सहीपुरतीच. चूक त्यांची नव्हती. सही पाहून मीच त्यांना साक्षर ठरवून मोकळा झालो होतो.

देशाची मोजणी करतानाही अशी फसगत होऊ शकते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची, कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती म्हणजे साक्षर, ही जनगणनेची व्याख्या. २०११ साली हे प्रमाण सुमारे ७३ टक्के होते. पुरुषांत ८१ आणि स्त्रियांत ६५ च्या आसपास. मात्र प्रगणक परीक्षा घेत नाही. घरातले जे सांगतील ते तो लिहून घेतो. परक्या माणसासमोर 'मला वाचता येत नाही' म्हणणे जिवावर येते, आणि बाईचे उत्तर पुष्कळदा दुसराच कोणी देतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची रीत वेगळी. तेथे कमी शिकलेल्यांपुढे छापील वाक्याचे कार्ड धरतात. वाक्य पूर्ण वाचले किंवा त्याचा काही भाग वाचला, तरी साक्षर मानतात. सांगोवांगीपेक्षा हे बरे. पण अर्धे वाक्य वाचणाऱ्याला औषधाची चिठ्ठी कळेलच असे नाही.

वाचायला दिलेला मजकूर अनोळखी असावा, हेही महत्त्वाचे. माझी आजी भक्तामर स्तोत्राचे पुस्तक समोर धरून योग्य जागी पाने उलटत असे. ते तिचे पाठांतर होते. अक्षरओळख तिला नव्हती.

आता 'उल्लास' योजनेत १५ वर्षांवरील नवसाक्षरांची १५० गुणांची चाचणी होते. वाचन, लेखन आणि अंकज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट. येथे 'पूर्ण' म्हणजे शंभर नव्हे. ९५ टक्के गाठले की पूर्ण मानतात. शिवाय वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरेही पुसट होतात.

मग करावे काय? डॉक्टर म्हणून पहिली सूचना चष्म्याची. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते. प्रौढ विद्यार्थी 'डोक्यात शिरत नाही' म्हणतो, तेव्हा आधी त्याचे डोळे तपासावेत. दुसरे, सुरुवात घरच्या भाषेतून करावी. पण आमच्या सीमाभागात बसची पाटी कन्नडमध्ये असते, म्हणून पुढे तीही लिपी शिकवावी. तिसरे, धडा कामाचा असावा: रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, औषधाची चिठ्ठी.

आपल्या ग्रंथालयात जाड पुस्तकांची कपाटे भरली आहेत. त्यांत मोठ्या टाइपाच्या, सोप्या पुस्तकांचा एक कप्पा करू या, आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंसोबत आठवड्यातून अर्धा तास बसू या. त्या बाई पुढे वाचायला शिकल्या. आता बाटली हातात घेतली की आधी मला चिठ्ठी वाचून दाखवतात. माझे अक्षर वाईट असल्याचेही त्यांनीच मला सांगितले.