सोनेरी डोकं, कोरडं बूड

बेकरीच्या काचेआड दिसणाऱ्या पायवरची ती तांबूस तकाकी एकट्या ओव्हनची करामत नसते, त्यात मोठा हात ब्रशचा असतो. नुसता पिवळा बलक लावला की रंग गडद सोनेरी येतो. नुसता पांढरा लावला तर रंग फिका, पण चमक भरपूर. अख्खं अंडं चमचाभर पाण्यात फेटून लावलं की दोन्ही थोडं थोडं. दूध रंग देतं, चमक देत नाही. साय त्याहून बरी. फेटलेल्या अंड्यात चिमूटभर मीठ टाकून दहा मिनिटं ठेवलं तर त्यातली प्रथिनं सैलावतात, अंडं पातळ होतं आणि ब्रशमागे गुठळ्या न राहता सारखं पसरतं. एवढ्याशा मिठात एवढा फरक पडतो हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

या रंगामागचं रसायन १९१२ साली लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं. प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की रंग आणि खरपूस वास तयार होतो. पावाच्या टोस्टपासून भाजलेल्या कॉफीपर्यंत सगळीकडे हाच खेळ. अर्थात रंगाची हौस मायारच्या कितीतरी आधीची. मध्ययुगीन इंग्लंडमधले खानसामे बलकात केशर कालवून पदार्थांवर फासायचे, म्हणजे ताट सोन्याचं दिसावं!

अंडं न खाणाऱ्यांनी हिरमुसू नये. दुधात किंचित साखर विरघळवून लावा. मध लावायचा तर हात आखडता, कारण तो लवकर करपतो. फळांच्या टार्टवर दिसणारा काचेसारखा थर तर भाजून झाल्यावरच चढतो: जर्दाळूचा जॅम चमचाभर पाण्यात गरम करायचा, गाळायचा आणि फळांवर फिरवायचा. फ्रेंच पेस्ट्रीवाल्यांची ही जुनी युक्ती. यात अंड्याचा संबंधच नाही.

पिठाच्या पोटात काय काय

जुन्या इंग्लंडमध्ये पायच्या कवचाला चक्क ‘कॉफिन’ म्हणत. ते इतकं जाड असे की तेच भांडं, तोच डबा. आतलं खायचं, कवच खाल्लंच पाहिजे असं नाही. त्या काळच्या श्रीमंतांच्या मेजवानीत पाय कापला की जिवंत पक्षी उडत बाहेर येत. पक्षी अर्थातच भाजत नसत, कवच आधी भाजून मग आत सोडत. १६२६ साली तर राजा चार्ल्स पहिला आणि राणी हेन्रिएटा मारिया यांच्यासमोर आलेल्या पायमधून जेफ्री हडसन नावाचा, जेमतेम दीड फूट उंचीचा मुलगा उभा राहिला. राणीने त्याला दरबारी ठेवूनच घेतलं. गंमत म्हणून ठीक, पण माणूस पायमध्ये भरून पेश करणं हे श्रीमंतीचं जरा अतीच झालं.

कॉर्नवॉलच्या माउसहोल गावात २३ डिसेंबरला ‘स्टारगेझी पाय’ होतो. त्यात माशांची डोकी कवचातून बाहेर काढून आभाळाकडे बघत ठेवलेली. दिसायला भयंकर, पण डोकी वर असली की माशांचं तेल निथळून आत सारणातच मुरतं. त्याच कॉर्नवॉलच्या पेस्टीला २०११ पासून युरोपीय भौगोलिक मानांकन आहे. नियम असा की मुरड कडेला हवी, वरच्या बाजूला घातली तर ती कॉर्निश नव्हे. आपल्याकडे करंजीच्या मुरडीवरून सुगरण ओळखतात. तिकडे तर कायद्याने ओळखतात! २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारने गरम पेस्टीवर २० टक्के कर लावायचं ठरवलं, तेव्हा इतका गदारोळ झाला की दोन-अडीच महिन्यांत माघार घ्यावी लागली.

पाण्याची ताकद

पफ पेस्ट्रीत यीस्ट नसतं, बेकिंग पावडर नसते, तरी ती फुगते. पिठाच्या पोळीत लोणी गुंडाळून तीनपदरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं. त्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते आणि थर एकेक करून उचलले जातात. इराण्याकडची खारी याच कुळातली, फक्त तिथे लोण्याऐवजी बहुधा मार्गारीन. तूप आणि कॉर्नफ्लोअर फेसून साट्याच्या करंज्या केल्या असतील, तर थरांची निम्मी विद्या तुम्हाला आधीच येते.

म्हणूनच पफच्या कापलेल्या कडेवरून अंडं ओघळू देऊ नका. ते थर चिकटवून टाकतं आणि ती बाजू बसते. अंड्याने पाय उजळतो आणि अंड्यानेच फसतोही.

पण नवशिक्यांची खरी परीक्षा वर नाही, खाली असते. सगळं लक्ष तकाकीवर आणि कापल्यावर बूड गिचका! २०१० साली सुरू झालेल्या ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या टीव्हीवरच्या बेकिंग स्पर्धेत परीक्षक मेरी बेरी याच ओल्या बुडावर बोट ठेवायच्या. इलाज सोपे आहेत. सारण पूर्ण गार करून भरा, गरम सारण लोणी वितळवतं. सफरचंदाच्या फोडींना साखर लावून सुटलेला रस वेगळा आटवा. टिन काचेपेक्षा पत्र्याचा बरा, लवकर तापतो. ओटीजीत तो खालच्या जाळीवर, आधीच तापवलेल्या ट्रेवर ठेवा. सारण फारच रसाळ असेल तर कवच आधी रिकामंच भाजा, वर बटर पेपर आणि त्यावर वाटीभर राजमा, म्हणजे ते फुगत नाही. तो राजमा पुढच्या पायसाठी बरणीत ठेवा, उसळीला नको. वरच्या पोळीला सुरीने चार चिरा द्या, वाफेला वाट हवीच. इंग्रज बायका त्यासाठी चिनी मातीचा पक्षी मध्ये उभा करायच्या, त्याच्या चोचीतून वाफ निघायची.

आणि मे महिन्यात मुंबईत पाय करायचा हट्ट असेल तर पहाटे करा. लोणी बत्तीस अंशांच्या आसपास वितळायला लागतं, तुमचं स्वयंपाकघर त्याच्या पुढे गेलेलं असतं. मळलेलं पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये, पाणी बर्फाचं आणि लाटताना हात भरभर.

पाय बाहेर काढल्यावर घरभर दरवळ सुटतो आणि सगळे सुरी घेऊन उभे राहतात. सफरचंदाचा असेल तर दोन तास तरी कोणाला हात लावू देऊ नका; रस घट्ट व्हायला तेवढा वेळ लागतोच.