ठरावबुक कोणाच्या हातात

पहाटे 4.30

मे महिन्यात धानोरा तालुक्यातल्या गावांत या वेळी झोपलेलं कोणी सापडणार नाही. बाया-माणसं, शाळेला सुटी लागलेली पोरं, सगळी अंधारातच जंगलाकडे निघालेली असतात. तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. वर्षभराच्या रोख पैशातला मोठा हिस्सा याच दिवसांत हाती येतो, त्यामुळे लग्नं, आजारपण, भांडणं, सरकारी योजना, सगळ्यांनी पुढे सरकायचं.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दोन विद्यार्थी सध्या माझ्यासोबत आहेत. शेवटचं सत्र, क्षेत्रकार्याचे शेवटचे आठवडे, मग निकाल आणि मग नोकरी. एक चंद्रपूरची मुलगी, एक चामोर्शीकडचा मुलगा. गावात दोघांची ओळखही 'चंद्रपूरवाली' आणि 'चामोर्शीवाला' अशीच. मुलाने आज सकाळी 11 वाजता वनहक्कावर मार्गदर्शन ठेवलं होतं. काल रात्री लोकांनी माना डोलावल्या, म्हणून तो खुशीत होता. पहाटे रिकाम्या होणाऱ्या गल्ल्या बघून त्याने विचारलं, "ताई, 11 पर्यंत येतील ना सगळे?"

येतील, पण पानांचे भारे घेऊन, आणि मग पुडे बांधायला बसतील. मी त्याला म्हटलं, तू पण जा त्यांच्याबरोबर.

सकाळी 7.00

चहा आणि फोन. एका गावाची वाहतूक पासाची पुस्तिका संपत आलीय, दुसऱ्या गावात ठेकेदाराचा हप्ता जमा झालेला नाही. हप्त्याचं बोलायला मी जात नाही. ग्रामसभेचे अध्यक्ष जातात, करारावर सही त्यांची असते. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभेला तेंदूसाठी दोन पर्याय आहेत: एक, वनविभागामार्फत विक्री, दोन, ग्रामसभेने स्वतः निविदा काढून विक्री. इथल्या बऱ्याच गावांनी दुसरा धरला. त्याबरोबर जाहिरात, करारनामा, आगाऊ रक्कम, मजुरीचं रजिस्टर, लेखापरीक्षण हे सगळं गावाच्या अंगावर आलं. समाजकार्याच्या वर्गात नेतृत्वाच्या तासाला चार्ट पेपर आणि रंगीत स्केचपेनं बाहेर निघतात. एखाद्या तासाला रोजकीर्द कशी लिहायची ते शिकवलं तर फार बरं होईल. हिशेब चुकला की गावात पहिली फूट तिथेच पडते, आणि ती फूट भरायला गीतं आणि खेळ उपयोगी पडत नाहीत.

सकाळी 10.00

लोक परतलेत. ओसरीवर, आंब्याखाली, जिथे सावली तिथे घर बसलंय. पानं झटकायची, फाटकी बाजूला काढायची, देठाला देठ लावून 70 पानांचा पुडा जुळवायचा आणि सालीच्या दोरीने करकचून बांधायचा. म्हातारीचे हात मोजत नाहीत, तरी पुडा नेमका भरतो. चामोर्शीवाल्याने बांधलेला पुडा शेजारच्या पोरीने उचलून हलवला, पानं खाली. "तुमी राहू द्या सर," म्हणून तिने तो परत बांधला. मग त्याच्याच भोवती बसून बायांनी विचारायला सुरुवात केली: आमच्या जंगलाची हद्द नाल्यापर्यंत का त्याच्या पलीकडे? मजुरी कोणाच्या खात्यात? 11 वाजताचं मार्गदर्शन 10 वाजताच सुरू झालं होतं. प्रश्न तेवढे बाया विचारत होत्या, उत्तरं शोधायची पाळी त्याची होती.

चंद्रपूरवालीने पाचगावचा विषय काढला. तिच्या जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं गाव. 2012 मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्या गावाने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. तेंदूसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, फळं जातात, म्हणून त्यांनी बांबूवर भर दिला. "मग खाल्लं काय त्यांनी?" एका बाईने विचारलं. बांबूच्या कामाची मजुरी, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "तेवढा बांबू आमच्याकडे कुठं आहे?"

या उत्तरावर मुलगी थोडी हिरमुसली. मला मात्र ते आवडलं. यशोगाथा ऐकून लगेच टाळ्या न वाजवणारं गाव हे शहाणं गाव असतं.

दुपारी 12.00

तालुक्याच्या एका कार्यालयात. अध्यक्ष, सचिव बाई, दोघं विद्यार्थी आणि मी. खुर्च्या दोन. विद्यार्थ्यांना आधीच बजावून ठेवलेलं असतं की खुर्चीवर अध्यक्ष आणि सचिव बसतील, आपण मागे उभं राहायचं. तरी बाबूंची नजर सवयीने माझ्याकडे वळते, "बोला मॅडम." अशा वेळी माझ्या मोबाइलमध्ये फार महत्त्वाचं काम निघतं. मी मान वर करत नाही. थोडी शांतता, मग अध्यक्ष घसा खाकरून बोलू लागतात. अर्ज अडलाय तो नकाशावरच्या सहीसाठी. ते आधी गोंडीवळणाच्या मराठीत सांगतात, मग सरळ बोट ठेवून दाखवतात. काम आज झालं नाही, गुरुवारची तारीख मिळाली. मी बोलले असते तर कदाचित आजच झालं असतं. पण मग गुरुवारी आणि त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी मलाच यावं लागलं असतं.

दुपारी 2.00

ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. जेवण झाल्यावर दोघांनी मनातलं काढलं. "ताई, पुढे काय करायचं?"

गुळमुळीत बोलणं मला जमत नाही, म्हणून जे आहे ते सांगितलं. सरकारी वाट धरायची तर महिला व बालविकास, समाजकल्याण आणि आदिवासी विकास खात्यांतल्या परीक्षा आहेत, रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाचं पद आहे. जागा कमी, जाहिराती अनियमित, अभ्यासाची तयारी वेगळी. कंत्राटी वाट मोठी आहे: उमेद अभियानातले तालुका आणि प्रभाग समन्वयक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी केंद्र, पेसाचे समन्वयक. मानधन बेताचं, करार 11 महिन्यांचे, पण एका वर्षात सरकार आतून कसं चालतं ते जेवढं कळतं तेवढं दुसरीकडे कुठे कळत नाही. तिसरी वाट कंपन्यांच्या सामाजिक निधीची. चंद्रपूरला कोळसा, सिमेंट, कागद, आता गडचिरोलीत लोहखनिज. पगार तिथे बरा. फक्त सही करण्याआधी एक गोष्ट स्वतःशी ठरवून ठेवायची: खाणीला ग्रामसभेने नाही म्हटलं, तर त्या दिवशी मी कुठे बसणार?

चौथी वाट संस्थांची, आणि या दोन जिल्ह्यांइतकी ती क्वचितच कुठे दाट असेल. वरोऱ्याचं आनंदवन, मूल तालुक्यातलं सोमनाथ, 1973 पासूनचं हेमलकसा. कुरखेड्याला 1984 पासून 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी', डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची. शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं 'सर्च', तिथूनच 2006 मध्ये तरुणांसाठी 'निर्माण' सुरू झालं. व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तिपथ' गडचिरोलीच्या बाराही तालुक्यांत आहे. थोर माणसांच्या सावलीत राहून खूप शिकता येतं. एकच धोका असतो, आपण आयुष्यभर त्यांच्याच गोष्टी सांगत राहतो.

"आणि आंदोलन?" मुलीने विचारलं. तिच्या डोक्यात 'श्रमिक एल्गार' ही संघटना होती. पारोमिता गोस्वामींच्या नेतृत्वाखाली 2010 मध्ये बाया दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली, आणि 2021 मध्ये ती उठली. गडचिरोलीची 1993 ची बंदी अजून आहे. मुलीची आई चंद्रपूरच्या आंदोलनाच्या वर्षांत वस्तीतल्या बायांबरोबर होती. "मग ते सगळं वाया गेलं का?" मी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. गडचिरोलीत बंदीनंतरही गावोगाव संघटना आणि उपचाराची शिबिरं उभी करावी लागली, कागदावरच्या बंदीने भट्ट्या विझल्या नव्हत्या. आंदोलनात उतरणाऱ्या पोरांनी जिंकल्यानंतरच्या सकाळी काय करायचं ते आधी ठरवावं, एवढंच मला म्हणायचं होतं. तिला ते पटलं नाही. तिचा चेहरा सांगत होता.

"तुमच्या मते सगळ्यात मोठा नेता कोण, इथला?" मुलाचा प्रश्न.

मी त्यांना लेखाजवळच्या मेंढ्याबद्दल सांगितलं. इथून हाकेच्या अंतरावर. 2009 मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी एक, साधारण 1,800 हेक्टर जंगल. 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि बांबूच्या वाहतूक पासाची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली गेली. गावचे नेते देवाजी तोफा यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण मला बघायला सांगायचंय ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याकडे. बाहेरचा, शिकलेला, वाचलेला माणूस. त्यांनी गावात निर्णय घेतले नाहीत. अभ्यासगटात बसून माहिती मांडायची, वाद घालायचा, आणि निर्णय गावाच्या सभेत, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं. वनहक्काचा कायदा हजर असलेल्यांच्या साध्या बहुमतावर समाधानी आहे, हे गाव नव्हतं.

"पण त्याला किती वर्षं लागली?"

बरीच. तुमच्या प्रकल्प अहवालाच्या 'कालावधी' या रकान्यात ती मावणार नाहीत.

संध्याकाळी 5.30

फळीवर, म्हणजे तेंदू जमा करायच्या जागी. पुड्यांच्या रांगा लागल्यात, ठेकेदाराचा मुन्शी मोजतोय, ग्रामसभेचा माणूस शेजारी बसून स्वतंत्र वहीत तोच आकडा लिहितोय. पूर्वी शेकड्यामागे चार-पाच पुडे 'वरचे' म्हणून सहज जायचे, असं जुनी माणसं सांगतात. आता दोन वह्या आहेत, म्हणून जात नाहीत. चंद्रपूरवाली आज ही दुसरी वही सांभाळणाऱ्या पोराला बेरीज तपासायला शिकवत होती. कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात. तिने तो एकदाही आपल्याकडे घेतला नाही, हे मी लांबून पाहिलं.

रात्री 8.15

समाजमंदिरात ग्रामसभा. पुरुष भिंतीला, बाया दाराशी, पोरं मध्ये. वनहक्काच्या ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. मोजणी झाली, पुरेसे आहेत. विषय: तेंदूची रॉयल्टी कशी वाटायची. किती भाग ग्रामसभा कोषात, किती घरोघरी.

बोलणं गोंडीत चाललं होतं, चामोर्शीवाल्याला अर्धंच कळत होतं. तो अस्वस्थ. साडेनऊला एकमत झालं आणि सचिव बाईंनी ठरावबुक उघडलं. बारावी झालेल्या, अक्षर मोठं, एकेक शब्द थांबून. "ठराव क्रमांक..." म्हणून पेन थबकलं. मुलगा पुढे झाला, हात पसरून, अगदी प्रेमाने, "द्या ना मॅडम, मी लिहून देतो, पाच मिनिटांत."

कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, "राहू दे ना गा बापू, तिलाच लिवू दे."

मुलाचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. बाई लिहू लागल्या. प्रत्येक वाक्य आधी तोंडाने म्हणायचं, मग लिहायचं, मग परत वाचायचं. पोरं पेंगली, दोन पुरुष बिडी ओढायला बाहेर गेले. आणि मग ते वाक्य आलं: "रॉयल्टीची रक्कम कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जमा करण्यात यावी." दाराशी बसलेली एक बाई, दिवसभर एक शब्द न बोललेली, तिने विचारलं, "पत्ता तोडली मी. कुटुंबप्रमुख काहून?"

मग जो गोंधळ झाला तो मराठी, गोंडी दोन्हींत झाला. एक जण म्हणाला, सरकारी नमुना असाच असतो. दुसऱ्याने विचारलं, नमुना कोणी दिला? नमुना आमच्याच कार्यालयातून आलेल्या छापील कागदावरचा होता, हे मी सांगितलं. खूप वेळ वाद. शेवटी वाक्य खोडलं गेलं आणि त्या जागी "ज्याच्या नावावर पुडे नोंदले त्याच्या खात्यात" असं आलं. पुडे आता कोणाच्या नावावर नोंदायचे, यावर वेगळी सभा परवा. सह्या, अंगठे.

चामोर्शीवाला मागे बसून क्षेत्रकार्याच्या डायरीत काहीतरी लिहीत होता. मी डोकावले नाही.

रात्री 11.00

दोघं अंगणात. मुलीला नागपूरहून मुलाखतीचा फोन आलाय, एका कंपनीच्या निधीतून चालणारा उपजीविका प्रकल्प, पगार माझ्यापेक्षा जास्त. "जाऊ का?" जा, म्हटलं. घरी भावाचं शिक्षण आहे, कर्ज आहे, ते मला ठाऊक आहे; गरिबीचं व्रत दुसऱ्याच्या पोरीवर लादायचा अधिकार मला कोणी दिला? फक्त जाण्याआधी फळीवरच्या दुसऱ्या वहीची पद्धत त्या पोराबरोबर आणखी दोघींना शिकवून जा. तो पोरगा पुढच्या वर्षी भरतीला जाणार म्हणतोय.

मुलाने विचारलं, परवाच्या सभेसाठी पुडे-नोंदीचा नवा नमुना त्याने रात्रीत तयार करून आणला तर चालेल का.

"कोरा कागद घेऊन ये," मी म्हटलं. "आणि दोन पेनं."