जुनी सॅन स्टॉर्म घेताना: वाशीमच्या मोटारप्रेमींसाठी

विसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन मोटर्सने रेनॉचे सुमारे 1,150 घनसेंटीमीटरचे इंजिन व फायबरग्लासचे कवच योजून जी 'सॅन स्टॉर्म' ही उघड्या छताची द्विआसनी मोटार निर्माण केली, ती संख्येने अल्प असल्यामुळे आज केवळ जुन्या बाजारातच गवसते; आणि कारंजा-मालेगावावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ती चालविण्याचा मोह ज्यास होईल, त्याने प्रथम दस्तऐवज व मग देह, या क्रमाने तिची परीक्षा करावी.

मोटार परराज्यातील असल्यास तेथील नाहरकत प्रमाणपत्र (नमुना 28), हस्तांतरणाचे नमुने 29 व 30, आणि कर्जाचा बोजा असल्यास तो उतरविणारा नमुना 35, हे सर्व हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम अदा करू नये. नोंदणीची 15 वर्षांची मुदत बहुधा उलटलेली असल्याने नूतनीकरण झाले आहे काय, हे पाहावे; वाशीमच्या परिवहन दफ्तरात 'एमएच 37' क्रमांक घेताना महाराष्ट्राचा करही भरावा लागतो.

फायबरग्लास गंजत नाही, परंतु त्याखालील पोलादी सांगाडा गंजतो; म्हणून मोटार उचलून तळ निरखावा, चासी क्रमांक पुस्तिकेशी ताडावा, आणि विदर्भाच्या उन्हाने कापडी छत व रबरी पट्ट्या लवकर जीर्ण होतात हे ध्यानी घेऊन पाण्याचा फवारा मारून गळती तपासावी.

कवचाचे सुटे भाग दुर्मिळ आहेत. सबब, स्वस्त पण अपूर्ण मोटारीपेक्षा महाग पण अखंड मोटारच घ्यावी.